डुअल बूट बिघडला म्हणजे फॉरमॅट नव्हे

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे विंडोज तशीच ठेवून तिच्या शेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकणारे घरोघरी दिसू लागले आहेत. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटरसाठी विंडोज, बाकी सगळ्याला लिनक्स. डुअल बूटची ही सोय उत्तम आहे, पण एखाद्या दिवशी निवडीचा मेनूच येत नाही किंवा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ उभी राहते. लॅपटॉप दुकानात जातो आणि उत्तर मिळतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’

बहुतेक वेळा तशी काही गरज नसते. फाइल जिथल्या तिथे असतात, दोन्ही सिस्टिमही शाबूत असतात. तुटलेला असतो तो त्यांच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता. तो नेमका कुठे तुटला हे न पाहता घाईने केलेल्या फॉरमॅटमध्ये मुलांचे फोटो, प्रबंधाचे मसुदे आणि दुकानाचे हिशेब कायमचे गेले आहेत. म्हणून या विषयातले गैरसमज एकेक करून दूर करायला हवेत.

आधी बूट कसं होतं ते पाहू

बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. आपण त्याला सवयीने बायोस म्हणतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक यंत्रांत ते यूईएफआय असतं. त्याच्याजवळ एक यादी असते: कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनमधली कोणती फाइल चालवायची. या फाइल ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’ नावाच्या छोट्या भागात असतात. त्याची मांडणी फॅट 32 असते आणि विंडोज तो साधारण 100 एमबीचा बनवते. त्यात मायक्रोसॉफ्टचा एक फोल्डर असतो आणि उबुंटूचा वेगळा. उबुंटूची फाइल चालली की ग्रब येतो, ग्रब मेनू दाखवतो आणि आपण निवडू ती सिस्टिम सुरू होते.

म्हणजे टप्पे चार: फर्मवेअर, छोटं पार्टिशन, ग्रब किंवा विंडोज बूट मॅनेजर, आणि शेवटी प्रत्यक्ष सिस्टिम. गाडी कोणत्या टप्प्यावर अडली हे कळलं की निम्मं काम झालं. पुढे येणाऱ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करायच्या.

गैरसमज 1: मेनू न येता थेट विंडोज सुरू झाली, म्हणजे अपडेटने लिनक्स पुसून टाकलं.

वस्तुस्थिती: ही भीती जुन्या काळातून आली आहे आणि त्या काळी ती खरी होती. एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये बूटच्या कोडला फक्त 446 बाइट जागा असे. तिथे एकच बूटलोडर मावायचा. विंडोज नव्याने टाकली की ती ग्रबच्या जागी स्वतःचा कोड लिहून मोकळी व्हायची. त्या वेळीसुद्धा लिनक्सचं पार्टिशन जागेवरच असे.

यूईएफआयमध्ये प्रत्येकाचा फोल्डर स्वतंत्र असतो. विंडोजचं मोठं अपडेट किंवा फर्मवेअरचं अपडेट झालं की बहुधा एवढंच होतं, की यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर जातो. पडताळायला मिनिट पुरतं. यंत्र सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबा. डेल, लेनोव्हो आणि एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर ते एफ 12 असतं, एचपीवर एफ 9, असूसवर एस्केप. यादीत ‘उबुंटू’ दिसलं आणि ते निवडल्यावर लिनक्स उघडलं, तर काहीही पुसलं गेलेलं नाही.

मग लिनक्समध्ये टर्मिनल उघडून ‘सुडो एफिबूटएमजीआर’ ही आज्ञा द्या. ‘बूटऑर्डर’पुढे, समजा, 0000,0002 दिसतं. खाली 0000 समोर विंडोज बूट मॅनेजर आणि 0002 समोर उबुंटू असतं. रोग तिथेच वाचता येतो: विंडोज आधी, उबुंटू नंतर. त्याच आज्ञेला वजा-ओ जोडून 0002,0000 असा क्रम दिला की मेनू परत येतो. फर्मवेअरच्या सेटिंगमधूनही हा क्रम बदलता येतो. यादीतून उबुंटूची नोंदच गेली असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे थेट पेनड्राइव्हमधून चालणाऱ्या लिनक्समधून, ‘बूट-रिपेअर’ चालवून ती पुन्हा घालता येते.

गैरसमज 2: काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढंच आलं, म्हणजे हार्ड डिस्क गेली.

वस्तुस्थिती: ग्रब बोलतो आहे, याचा अर्थ डिस्कचा निदान सुरुवातीचा भाग वाचता आला. त्याला सापडत नाही ती त्याची पुढची फाइल. याचं नेहमीचं कारण म्हणजे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘हे पार्टिशन कशाला हवं’ म्हणून कोणीतरी लिनक्सचं पार्टिशन काढून टाकलेलं असतं, किंवा पार्टिशनचे आकार बदलताना त्यांचे क्रमांक सरकलेले असतात.

इथे दोन पडदे वेगळे ओळखावेत. नुसतं ‘ग्रब’ आणि पुढे बाणाचं चिन्ह दिसलं, तर ग्रबच्या बऱ्याचशा आज्ञा चालतात. यूईएफआय यंत्रावर ‘एक्झिट’ टाइप केलं, की फर्मवेअर यादीतल्या पुढच्या नोंदीकडे जातं आणि बहुधा विंडोज सुरू होते. ‘ग्रब रेस्क्यू’ असं दिसलं, तर हाताशी मोजक्याच आज्ञा उरतात: एलएस, सेट, अनसेट, इन्समॉड.

लिनक्सचं पार्टिशन शाबूत असेल तर रेस्क्यूतूनही बाहेर पडता येतं. ‘एलएस’ दिलं की एचडी 0, जीपीटी 1, जीपीटी 2 अशी कंसातली यादी येते. एकेका कंसापुढे बूट आणि ग्रब या फोल्डरांचा मार्ग जोडून ‘एलएस’ देत जायचं. कुठे ‘अननोन फाइलसिस्टम’ असं उत्तर येईल, कुठे फाइलींची नावं येतील. नावं आली ते पार्टिशन आपलं. ‘सेट प्रीफिक्स’ देऊन तो मार्ग ग्रबला सांगायचा, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि शेवटी ‘नॉर्मल’. बहुतेक वेळा मेनू उभा राहतो. हा इलाज मात्र तात्पुरता असतो. आत गेल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवलं नाही, तर पुढच्या वेळी तोच पडदा येणार.

लिनक्स खरोखरच काढायचं असेल, तर आधी विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणावा आणि मगच पार्टिशनला हात लावावा.

गैरसमज 3: ग्रबच्या मेनूत विंडोज दिसत नाही, म्हणजे लिनक्स टाकताना ती उडाली.

वस्तुस्थिती: डिस्कवर दुसरी कोणती सिस्टिम आहे हे शोधण्याचं काम ‘ओएस-प्रोबर’ नावाचा प्रोग्रॅम करतो. जून 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून सुरक्षेच्या कारणाने तो मूळ मांडणीत बंद ठेवला आहे. त्यामुळे विंडोज असूनही मेनूत येत नाही. एटसी, डिफॉल्ट या मार्गावरच्या ग्रब नावाच्या फाइलमध्ये ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ ही ओळ ‘फॉल्स’ करायची, ती नसेल तर लिहायची, आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यायचं. ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ असं उत्तर आलं की काम झालं.

तरीही ती दिसली नाही, तर दोन्ही सिस्टिम वेगवेगळ्या पद्धतींनी बसल्या आहेत का ते पाहा. विंडोज यूईएफआयमध्ये आणि लिनक्स जुन्या लेगसी पद्धतीत बसलेलं असेल, तर ग्रब विंडोजला सुरू करू शकत नाही. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू झाला त्याच पद्धतीने लिनक्स बसतं, म्हणून टाकण्याआधीच हे तपासावं. लाइव्ह सत्रात सिस, फर्मवेअर या मार्गावर ईएफआय नावाचा फोल्डर असेल तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात.

गैरसमज 4: ‘बूटरेक’ची फिक्स-एमबीआर आज्ञा म्हणजे रामबाण.

वस्तुस्थिती: नावातच आहे, ती एमबीआरची आज्ञा आहे. यूईएफआय यंत्र बूट होताना तो सेक्टर वापरतच नाही. म्हणून ‘यशस्वी’ असं उत्तर येतं आणि बिघाड तसाच राहतो. यूईएफआय यंत्रात विंडोजच्या बूट फाइल परत बसवायला ‘बीसीडीबूट’ लागतं, तेही त्या छोट्या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर देऊन. विंडोज चालू असेल तर ‘एमएसइन्फो 32’ उघडून ‘बायोस मोड’ या ओळीत यूईएफआय आहे की लेगसी ते आधी वाचावं.

गैरसमज 5: सिक्युअर बूट बंद केल्याशिवाय लिनक्स चालतच नाही.

वस्तुस्थिती: उबुंटू, फेडोरा आणि डेबियन यांच्याकडे ‘शिम’ नावाचा छोटा बूटलोडर असतो. त्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते, म्हणून सिक्युअर बूट चालू असतानाही तो चालतो. 2012 पासून उबुंटूत ही सोय आहे.

गैरसमजाला बळ मिळालं ते ऑगस्ट 2024 मध्ये. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटने जुन्या, सुरक्षेत कच्च्या बूटलोडरांना अडवणारी ‘एसबॅट’ यादी कडक केली. डुअल बूटच्या यंत्रांवर ती लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं. पण अनेक यंत्रं डुअल बूटची आहेत हे अपडेटला ओळखता आलं नाही. तिथे लिनक्स सुरू करताना ‘काहीतरी गंभीर बिघडलं आहे’ अशा अर्थाचा संदेश येऊन यंत्र बंद पडू लागलं. डेटा सुरक्षितच होता. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये जायचं, ‘मोकयूटिल’ने एसबॅटचं धोरण काढून टाकायचं, लिनक्स अद्ययावत करायचं आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं, हा त्यावरचा उपाय होता.

यात एक मोठी खबरदारी आहे. विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. अशा यंत्रात सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती कुठेच मिळाली नाही, तर मात्र फाइल खरोखर हातच्या जातात. म्हणून फर्मवेअरमध्ये काहीही बदलण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की पाहा आणि कागदावर उतरवून ठेवा.

गैरसमज 6: विंडोज ‘शट डाउन’ केली की ती पूर्ण बंद होते.

वस्तुस्थिती: 2012 च्या विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात आपलं सत्र बंद होतं, पण विंडोजचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर साठवला जातो. विंडोजच्या लेखी ती डिस्क अजून वापरात असते. म्हणून लिनक्स तिथे फक्त वाचू देतं किंवा ड्राइव्ह उघडतच नाही. ही आडमुठेपणाची खोड नाही, तुमच्या फाइल वाचवण्यासाठी ठेवलेला अडसर आहे. जबरदस्तीने लिहायला गेलात तर विंडोजच्या ड्राइव्हची एनटीएफएस मांडणी बिघडू शकते. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावं. तातडीचं असेल तर ‘रीस्टार्ट’ निवडून लिनक्समध्ये यावं, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होते.

गैरसमज 7: घड्याळ चुकतंय, म्हणजे मदरबोर्डचा सेल संपला.

वस्तुस्थिती: चूक बरोबर साडेपाच तासांची असेल तर सेलचा काही संबंध नाही. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. लिनक्समधून रात्री 9 वाजता विंडोजमध्ये गेलात, तर तिथे दुपारचे साडेतीन दिसतात. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ला ‘सेट-लोकल-आरटीसी 1’ सांगितलं की दोघांची वेळ जुळते. सेल खरोखर संपला असेल, तर तारीखच काही वर्षं मागे गेलेली दिसते.

गैरसमज 8: दोन वेगळ्या डिस्कवर टाकलं की चिंता मिटली.

वस्तुस्थिती: वेगळी डिस्क केव्हाही चांगली, पण ती पुरेशी नाही. लिनक्स दुसऱ्या डिस्कवर टाकलं तरी इन्स्टॉलर त्याची बूट फाइल पहिल्या डिस्कच्या छोट्या पार्टिशनमध्ये ठेवू शकतो. पुढे पहिली डिस्क बदलली की दुसरीवरचं लिनक्सही सुरू होत नाही. टाकताना बूटलोडर कुठे जातो आहे ते नीट वाचावं, किंवा तेवढ्यापुरती पहिली डिस्क काढून ठेवावी.

मग बिघडल्यावर करायचं काय?

पडद्यावर जे दिसतं त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा. संदेशातला एकेक शब्द निदानाला कामी येतो. मग बूट मेनूतून दोन्ही नोंदी तपासा. एखादी सिस्टिम उघडली, तर तिच्यातूनच दुरुस्ती करा. एकही उघडली नाही, तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करा आणि ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नव्हे. फाइल मॅनेजरमध्ये आपले फोल्डर दिसतात का पाहा. दिसले की दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर इथे रिकव्हरी की लागेल.

हे स्वतः जमणार नसेल तर लॅपटॉप दुकानात जरूर न्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त काउंटरवर ठेवताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: आधी माझ्या फाइल बाहेर काढा, आणि मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका. बूटलोडर अर्ध्या तासात पुन्हा बसवता येतो. त्याच्यासाठी दहा वर्षांचा डेटा पणाला लावण्याचं काहीच कारण नाही.