आजारी छोट्या कुत्र्याला लस टोंचावी काय?

घरांतील कुत्र्याला लस टोंचावी कीं नाहीं, हा प्रश्न निरोगी व दांडग्या जनावराच्या बाबतींत कोणी फारसा विचारीत नाहीं. वर्ष भरलें कीं पशुवैद्याकडे जावें, टोंचून घ्यावें आणि कार्डावर तारीख लिहून आणावी, एवढ्यांत तें काम उरकतें. प्रश्न उभा राहतो तो निराळ्या घरांत. समजा, तेथें चार किलो वजनाचें, दहा वर्षांचें पामेरियन कुत्रें आहे. त्याच्या हृदयाची झडप गळते, म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू आहेत. श्वासनलिका ढिली पडल्यामुळें तें अधूनमधून बदकासारखा आवाज करीत खोकतें. आणि गेल्या खेपेस मिश्र लस व पिसाळरोगाची लस एकाच दिवशीं टोंचल्यावर तीन तासांनीं त्याचें तोंड सुजलें होतें. यंदाची तारीख जवळ आली आहे. आजी म्हणतात, “त्या मुक्या जिवाला आतां आणखी छळूं नका.” मुलगा म्हणतो, “हें घराबाहेर जातें कोठें, कीं त्याला पिसाळलेलें कुत्रें चावेल?” आणि सून, जिची दोन वर्षांची मुलगी दिवसभर त्या कुत्र्याच्या अंगावर लोळते, ती कांहींच बोलत नाहीं. श्रोतेहो, या घरानें काय करावें याचा आज आपण विचार करूं.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘लस’ नांवाचा कोणताही एकच पदार्थ नाहीं. पिसाळरोगाची, म्हणजे रेबीजची लस निराळी. डिस्टेंपर, पार्व्हो आणि कुत्र्यांची सांसर्गिक कावीळ यांवरील लशी निराळ्या. आणि उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून पसरणाऱ्या लेप्टोची लस त्याहून निराळी. आपल्याकडे यांतील बऱ्याचशा एकाच सुईंत मिसळून देतात, म्हणून घरच्या माणसांना तो एकच प्रश्न वाटतो. वस्तुतः प्रत्येकीचें उत्तर वेगळें येऊं शकतें.

पिसाळरोगापासून आरंभ करूं, कारण येथें कुत्र्याबरोबर माणसाचाही जीव गुंतलेला आहे. या रोगाचा विषाणू चावलेल्या जागेंतून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे चढतो. त्याला आठवडे लागतात, कधीं महिने. लक्षणें दिसूं लागलीं कीं मग उपाय राहत नाहीं, असेंच म्हटलें पाहिजे. जगांत दर वर्षीं सुमारें ५९,००० माणसें या रोगानें दगावतात असा अंदाज आहे. त्यांपैकीं एक-तृतीयांशाहून अधिक आपल्या देशांतील असतात, आणि जवळजवळ सर्वांना तो रोग कुत्र्याकडूनच झालेला असतो. १८८५ च्या जुलैंत पाश्चरनें जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोंचून वांचविलें, तेव्हांपासून हा रोग टाळतां येतो हें जगाला ठाऊक आहे. आपल्याकडे कसौली येथें १९०० सालीं पाश्चर संस्था निघाली. तेथेंच पुढें सेंपल यांनीं मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटांत घ्यावयाचीं तीं चौदा इंजेक्शनें वडील मंडळींना आठवत असतील. त्या लशीनें क्वचित् माणसाला पक्षाघात होई, म्हणजे लशीचें भय त्या काळीं सर्वस्वी निराधार नव्हतें. परंतु ती लस २००५ च्या सुमारास भारतांत बंद झाली. आज कुत्र्यांना देतात ती पेशींवर वाढवून मग मारलेल्या विषाणूची लस होय. तिच्यापासून पिसाळरोग होणें शक्य नाहीं. आजींच्या मनांत जुनें भय असेल तर तें समजून घ्यावें, पण त्यावर निर्णय ठेवूं नये.

आतां मुलाचा आक्षेप. कुत्रें घराबाहेर जात नाहीं हें खरें. पण दार उघडें राहतें, जिन्यावरून तें निसटतें, आणि आवारांतल्या भटक्या कुत्र्यावर भुंकत धांवून जातें. लहान कुत्र्यांना आपल्या आकाराचें भान नसतें, हें ज्यांनीं पामेरियन पाळला आहे त्यांना मीं सांगावयास नको. अशा प्रसंगीं लस न घेतलेल्या कुत्र्याचें काय करावयाचें? अमेरिकेंतील आरोग्याधिकाऱ्यांची शिफारस अशी आहे कीं, पिसाळलेल्या जनावराशीं संबंध आलेलें, पण लस कधींच न घेतलेलें कुत्रें एक तर मारावें किंवा चार महिने सक्त कोंडून ठेवावें; लस वेळेवर घेतलेल्याला मात्र लागलीच आणखी एक मात्रा देऊन पंचेचाळीस दिवस घरींच नजरेखालीं ठेवलें तरी भागतें. ज्या घरांत दोन वर्षांचें मूल आहे, तेथें हा फरक किती मोठा आहे हें सुनेला न बोलतांही कळलेलें असतें. शिवाय महानगरपालिकेचा परवाना घेतांना या लशीचा दाखला लागतो, तो मुद्दा आहेच.

मग हृदयाचें दुखणें? येथें ‘आजारी’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. ताप आहे, जुलाब चालू आहेत, श्वास लागला आहे, खाणें सुटलें आहे, अशा वेळीं लस पुढें ढकलावी. शरीर दुसऱ्या लढाईंत गुंतलेलें असतें, आणि उद्यां कांहीं बिघडलें तर तें लशीनें कीं मूळच्या रोगानें, हें पशुवैद्यालाही सांगतां येत नाहीं. परंतु झडपेचा विकार, मूत्रपिंडाची मंद झालेली शक्ति, सांधेदुखी अशीं औषधांनीं ताब्यांत असलेलीं जुनाट दुखणीं लशीच्या आड येत नाहींत. खरी अडचण तिसऱ्या प्रकारांत आहे. ज्या कुत्र्याचें शरीर स्वतःच्याच रक्तपेशींचा नाश करूं लागलें आहे, किंवा ज्याला प्रतिकारशक्ति दाबण्यासाठीं मोठ्या मात्रेंत स्टेरॉइड चालू आहे, त्याला जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंच्या लशी देऊं नयेत, व मृत लशींविषयींही पशुवैद्यानें स्वतंत्र विचार करावा. खाजेसाठीं थोडे दिवस दिलेल्या लहान मात्रेनें मात्र सहसा अडत नाहीं.

लहान चणीच्या कुत्र्यांना लशीचा त्रास अधिक होतो, ही समजूत खोटी नाहीं. अमेरिकेंत बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००५ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लस दिल्यावर तीन दिवसांच्या आंत कांहीं ना कांहीं त्रास झालेले कुत्रे दर दहा हजारांत सुमारें अडतीस निघाले. वजन जितकें कमी तितका धोका अधिक. आणि एकाच भेटींत जितक्या लशी अधिक, तितकाही धोका अधिक. दहा किलोंपर्यंतच्या कुत्र्यांत प्रत्येक जादा लशीमागें हा धोका २७ टक्क्यांनीं वाढलेला दिसला. या आंकड्यांतच आपल्या घराचें अर्धें उत्तर आहे. गेल्या वर्षीं त्या कुत्र्याचें तोंड सुजलें तें एका दिवशीं सर्व लशी घेतल्यावर. त्यांतील कोणती बाधली हें सांगतां येत नाहीं, पण सर्व एकदम देण्याचें कारण यंदा उरलें नाहीं.

“मग निदान अर्धी मात्रा द्या,” असें पुष्कळ जण सुचवितात. हें शहाणपणाचें वाटतें, पण नाहीं. औषध वजनावर मोजतात, कारण तें अंगभर पसरावें लागतें. लशीला शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला फक्त जागें करावयाचें असतें. चूल लहान असली म्हणून काडी अर्धी ओढून भागत नाहीं. अर्ध्या मात्रेनें त्रास टळेलच असें नाहीं, आणि संरक्षण मिळालें कीं नाहीं याची खात्रीही राहत नाहीं.

मिश्र लशीबद्दल मात्र पुष्कळ सवड आहे. डिस्टेंपर, पार्व्हो व सांसर्गिक कावीळ यांच्या लशी पिल्लूपणीं नीट झाल्या असतील (शेवटची मात्रा सोळा आठवड्यांच्या वयाला किंवा नंतर, आणि पुढें वर्षाच्या आंत-बाहेर आणखी एक), तर त्यांचें संरक्षण अनेक वर्षें टिकतें. जगांतील पशुवैद्यांच्या मार्गदर्शक सूचना त्या तीन वर्षांपेक्षां कमी अंतरानें देऊं नयेत असेंच सांगतात. या तीन रोगांपुरती रक्ताची तपासणी करून प्रतिद्रव्यें शिल्लक आहेत का, हेंही पाहतां येतें. असलीं तर सुईचें कारण नाहीं. पिसाळरोगाच्या बाबतींत अशी तपासणी दाखल्याची जागा घेत नाहीं. लेप्टोचें संरक्षण वर्षभरच टिकतें, व तेथेंही रक्ततपासणी कामाची नाहीं. म्हणून कुत्र्याचें जीवन पाहावें: पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांतून तें चालतें का, तळमजल्यावर उंदीर आहेत का. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या व उचलून फिरविल्या जाणाऱ्या कुत्र्याला ती गाळण्यास हरकत नसावी. चाळीच्या तळमजल्यावर मी ती गाळणार नाहीं.

तेव्हां या घराला माझा सल्ला असा राहील. आधीं हृदयाची तपासणी करून दुखणें स्थिर आहे हें पाहावें. मग पिसाळरोगाची लस एकटीच टोंचावी. मिश्र लशीपूर्वीं रक्त तपासावें, आणि ती लागलीच तर तीन-चार आठवड्यांनीं. गेल्या वर्षींच्या सुजेची हकीकत सुई भरण्यापूर्वीं पशुवैद्याला सांगावी. तो बहुधा आधीं ॲलर्जीविरोधी औषध देईल. त्यानें सूज आटोक्यांत राहते, पण जिवावर बेतणारी प्रतिक्रिया टळेलच अशी हमी नाहीं. सूज न येतां कुत्रें पूर्वीं एकदां लशीनंतर कोसळलेंच असेल, तर प्रश्न फार बिकट होतो. तेथें लस न देण्याचा निर्णयही योग्य ठरूं शकतो, पण तो पशुवैद्यानें लेखी द्यावा, आणि मग कुत्रें दोरीशिवाय दाराबाहेर कधींही सोडूं नये.

लस सकाळीं घ्यावी, संध्याकाळीं नव्हे. म्हणजे सूज आली तर दवाखाना उघडा सांपडतो. टोंचल्यावर अर्धा तास तेथेंच बसावें. वांति, एकाएकीं अशक्तपणा किंवा पांढऱ्या पडलेल्या हिरड्या दिसल्या, तर क्षणाचाही विलंब न करतां आंत न्यावें; तोंडावरील सूज व अंगावरील गांधी कांहीं तासांनींही येतात. हृदयाच्या गोळ्या त्या दिवशीं चुकवूं नयेत. आणि कोणत्याही कुत्र्यानें, मग तें लस घेतलेलें घरचें का असेना, मुलीला चावा घेतला किंवा ओरखडलें, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं तिला डॉक्टरांकडे न्यावें.