अक्षरांचं गणित करणारं यंत्र

घोडनदीकाठचं शिरूर आणि भीमेकाठचं दौंड ही दोन्ही गावं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. या विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या गणित प्रात्यक्षिकांत ‘मॅक्सिमा’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. विसाव्या शतकातल्या मोठ्या गणिती करामतींपैकी एक त्या साध्याशा खिडकीत दडलेली आहे, आणि ती शिकणाऱ्या प्रत्येकाला कळावी म्हणून हा लेख.

कॅल्क्युलेटरला आकडेच समजतात. मॅक्सिमाला अक्षरंही समजतात. क्ष ची किंमत न सांगता त्याला अवयव पाडायला सांगा, डेरिव्हेटिव्ह काढायला सांगा, इंटिग्रेशन करायला सांगा. उत्तर क्ष मध्येच येतं. अशा सॉफ्टवेअरला संगणकीय बीजगणित प्रणाली म्हणतात. क्ष चा वर्ग अधिक तीन क्ष ही पदावली संगणकाच्या स्मृतीत वंशावळीसारखी मांडलेली असते: सर्वांत वर बेरीज, तिच्याखाली एका शाखेवर घात, दुसरीवर गुणाकार, आणि टोकांना क्ष, २, ३. डेरिव्हेटिव्ह काढायचा म्हणजे वरून एकेक पायरी उतरत, आपण वहीत वापरतो तेच नियम लावत, नवी मांडणी उभी करायची.

या मांडणीत काहीच अंदाजे नसतं. एक तृतीयांश शेवटपर्यंत एक तृतीयांशच राहतो. याचं मोल भास्कराचार्यांच्या एका उदाहरणावरून कळतं. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्ग मिळाला पाहिजे. अशी संख्या कोणती? बाराव्या शतकात त्यांनी चक्रवाल पद्धतीनं दिलेलं उत्तर २२६१५३९८० आहे, आणि मिळणारा वर्ग १७६६३१९०४९ चा. ताळा करायला गेलं तर एका बाजूला ३११९८८२९८२८६०२६४४०० येतात, दुसऱ्या बाजूला त्याहून एक जास्त. दहा-बारा आकडे दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर हा एकाचा फरक दिसतच नाही. मॅक्सिमा एकोणीसच्या एकोणीस अंक दाखवतं.

माझ्या मते विद्यार्थ्याला त्याहूनही मोठा धडा मिळतो तो मॅक्सिमा उलट प्रश्न विचारतं तेव्हा. क्ष च्या एन घाताचं इंटिग्रेशन मागितलं, की उत्तराआधी ते विचारतं: एन ची किंमत उणे एक आहे का? ‘नाही’ म्हटलं तर ओळखीचं सूत्र येतं, ‘हो’ म्हटलं तर लॉगरिदम. पाठ केलेल्या सूत्राची जी अट परीक्षेत हमखास निसटते, ती इथे निसटूच शकत नाही.

मॅक्सिमाची सुरुवात १९६८ साली अमेरिकेतल्या एमआयटीत, तिची पूर्वज असलेल्या ‘मॅकसिमा’ (Macsyma) या प्रणालीने झाली. या प्रणालीची एक प्रत अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे होती. टेक्सास विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून ती प्रत सांभाळली, सुधारली, आणि १९९८ मध्ये ती मुक्त परवान्याखाली सर्वांना देण्याची परवानगी मिळवली. २००१ साली ते वारले, पण त्यांच्यामुळेच आज कोणत्याही कॉलेजला हे सॉफ्टवेअर एक रुपयाही न भरता आपल्या प्रयोगशाळेत बसवता येतं.

अशा यंत्रांची ताकद जगाला पटली ती चंद्रामुळे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल दलोने यांनी चंद्राच्या गतीची अक्षरी सूत्रं हातानं मांडण्यात सुमारे वीस वर्षं घालवली. १८६० आणि १८६७ मध्ये त्यांचे दोन ग्रंथ निघाले. १९७० मध्ये बोइंगच्या संशोधकांनी ते सगळं गणित संगणकाकडून अक्षरांतच पुन्हा करून घेतलं. सुमारे वीस तास लागले. चुका सापडल्या तीन, आणि त्यांतल्या दोन पहिलीमुळेच झालेल्या. यंत्राइतकंच दलोनेंपुढेही नतमस्तक व्हावं असा हा निकाल आहे.

आता एक प्रयोग स्वतःच करून पाहा. क्ष च्या एखाद्या घातातून १ वजा करा आणि मॅक्सिमाला अवयव पाडायला सांगा. घात २ घ्या, १० घ्या, ५० घ्या; अवयवांतले सगळे सहगुणक १, उणे १ किंवा शून्यच निघतात. १०४ पर्यंत हा नियम एकदाही मोडत नाही. इतके पुरावे पाहून कोणालाही वाटेल की नियम सिद्ध झाला. मग १०५ टाका: पडद्यावर एका ४८ घाताच्या अवयवात उणे २ दिसेल, तेही दोनदा. १०५ म्हणजे ३, ५ आणि ७ यांचा गुणाकार, तीन वेगवेगळ्या विषम मूळ संख्यांचा सर्वांत लहान गुणाकार. अशा तीन मूळ संख्या जमेपर्यंत २ उगवूच शकत नाही. पुढे ३८५ टाकलं, म्हणजे ५, ७ आणि ११ चा गुणाकार, तर सहगुणक उणे ३ पर्यंत जातो. १९८७ साली जिरो सुझुकी यांनी सिद्ध केलं की घात हवा तेवढा वाढवला तर या अवयवांत प्रत्येक पूर्णांक कुठे ना कुठे सहगुणक म्हणून येतोच.