जळालेल्या यंत्राचा पंचनामा

वकिली करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. वस्तू समोर नसली की तो कागद मागतो. मुद्देमाल सापडला नाही तरी खटला उभा राहतो तो पंचनाम्यावर आणि साक्षीदारांच्या जबानीवर. घर जळून गेले तर तिथे कोण राहत होते हे रेशनकार्ड सांगते, घरपट्टीची पावती सांगते. ज्याच्याकडे कागद नाही, तो तिथे राहतच नव्हता असे म्हणायला सरकारी वकील तयारच असतो.

कलेच्या दुनियेतही असे एक प्रकरण आहे. वस्तू १९६० सालीच जळाली, मोडली, भंगारात गेली. शिल्लक राहिला तो कागद, काही फिल्म आणि थोडे तुकडे. हे सगळे एकत्र ठेवून वाचले की प्रश्न पडतो : ही वस्तू केली कुणी?

शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दगड किंवा ब्राँझ येते, शतकानुशतके टिकणारे. ज्याँ टिंगेली या स्विस शिल्पकाराला (जन्म १९२५) टिकण्याचेच वावडे होते. मोटारी, पट्टे आणि भंगारातली चाके जोडून तो हलणारी, खडखडणारी शिल्पे करायचा. १९६० च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कला आला तेव्हा त्याच्या डोक्यात एक यंत्र होते. ते सुरू होईल, गोंगाट करील, चित्रे काढील, पेटेल आणि स्वतःच स्वतःला मोडून टाकील. यंत्राचे नाव ‘होमेज टू न्यूयॉर्क’, म्हणजे न्यूयॉर्कला मानवंदना. जागा मिळाली तीही साधीसुधी नाही, म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टची बाग.

कल्पना होती, पण विजेच्या जोडण्या, वेळेचे गणित, कोणता सांधा कधी निखळायचा ही विद्या टिंगेलीकडे नव्हती. ती होती बिली क्लूव्हरकडे. क्लूव्हर स्वीडनमध्ये वाढलेला विद्युत अभियंता. न्यू जर्सीतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. पोंतुस हुल्तेन या स्वीडिश संग्रहालयप्रमुखाच्या ओळखीने दोघे एकत्र आले. क्लूव्हरने टिंगेलीला नेवार्कच्या उकिरड्यावर नेले आणि तिथून सायकलची चाके, बाबागाड्यांची चाके, मोटारी असा माल गोळा करून बागेत आणला. एक जुना पियानो आला, न्हाणीचा टब आला, हवामान खात्याचा फुगा आला. बागेतल्या एका घुमटाकार मांडवात सुमारे तीन आठवडे काम चालले. यंत्र सुमारे २३ फूट लांब आणि २७ फूट उंच झाले. टिंगेलीने ते सगळे पांढऱ्या रंगाने रंगवले.

क्लूव्हरने प्रयोगशाळेतला आपला सहकारी हॅरॉल्ड हॉजेस याच्याबरोबर कालनियंत्रक तयार केले. एकामागून एक विद्युतमंडले ठरल्या क्षणी चालू व्हायची होती. काही सांधे कमी उष्णतेवर वितळणाऱ्या मिश्रधातूचे केले; तारा तापल्या की सांधा वितळेल आणि सांगाडा खचेल अशी योजना. पांढऱ्या धुरासाठी रसायने आणली. ‘आत्मनाश’ हा शब्द टिंगेलीचा खरा, पण तो घडवून आणणारी कळ क्लूव्हर आणि हॉजेस यांच्या हातची होती.

१७ मार्च १९६० ची ती संध्याकाळ. बागेत बर्फाचा चिखल, कडाक्याची थंडी, निमंत्रित पाहुणे ताटकळत उभे. यंत्र सुरू झाले आणि पहिल्याच मिनिटांत फसू लागले. चित्र काढणाऱ्या भागाचा कागद उलट्या दिशेने गुंडाळू लागला, कारण पट्टा चुकीचा बसला होता. पियानोतून ठरलेला गोंगाट निघालाच नाही, मोजकेच सूर वाजले. बागेतल्या पाण्यात जाऊन जीव देणारी एक छोटी गाडी पाण्यापर्यंत पोचलीच नाही. पियानो मात्र ठरल्याप्रमाणे पेटला. त्यातच एक अग्निशामक नळकांडे लपवले होते. ते उष्णतेने फुटेल की काय या भीतीने टिंगेलीनेच आग विझवायला सांगितले. अग्निशमन दलाचा जवान पुढे झाला आणि पाहुण्यांनी त्याचीच हुर्यो उडवली! आग विझवणारा माणूस खलनायक ठरावा, असा तो प्रेक्षक. (जिथे आग लागली की गॅलरीत उभे राहून बघता येत नाही, अशा वस्तीत वाढलेल्याला या हुर्योचे हसू येणार नाही.) एकूण २७ मिनिटांचा खेळ. उरलेला सांगाडा शेवटी अग्निशमन दलाच्या कुऱ्हाडीने पाडावा लागला, आणि पाहुण्यांनी आठवण म्हणून तुकडे उचलून नेले.

आता पंचनाम्याकडे वळू.

संग्रहालयाने त्या प्रसंगी जो निमंत्रणाचा कागद छापला, त्याच्या मथळ्यात ही कृती कल्पून बांधली ती ज्याँ टिंगेली यांनी, असे आहे. कल्पून आणि बांधून, दोन्ही एकाच माणसाने. यंत्राचा एक तुकडा त्या संग्रहालयाकडे आहे, तोही टिंगेलीच्या नावावर. दुसरीकडे याच यंत्रासाठी रॉबर्ट रॉशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने एक लहानशी जोड करून दिली होती : स्प्रिंगांमध्ये अडकवलेली चांदीची डॉलर नाणी, बंदुकीच्या दारूचा भडका उडताच फेकली जाणारी. ती चीज ‘मनी थ्रोअर’ या नावाने आज रॉशेनबर्गची स्वतंत्र कलाकृती म्हणून ओळखली जाते. त्याने एक डबा केला आणि कर्ता ठरला. क्लूव्हर तीन आठवडे चिखलात उभा राहिला आणि ‘मदतनीस’ ठरला. दोघांच्या कामात नेमका फरक कोणता? एकाच्या नावापुढे कलाकार लिहिले होते, दुसऱ्याच्या नावापुढे अभियंता. कामाची प्रतवारी कामावरून ठरत नाही, करणाऱ्याच्या जागेवरून ठरते, हे आपल्याला कुणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त कृतीची व्याख्या आहे. दोन किंवा अधिक कर्त्यांच्या सहकार्याने झालेली, आणि ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही अशी कृती. अमेरिकेतल्या प्रकरणाला आपला कायदा लागू होत नाही, पण कसोटी म्हणून वापरून पाहायला हरकत नाही. विरुद्ध बाजूचा वकील म्हणेल, कालनियंत्रक वेगळे काढता येतात, ते नुसते उपकरण आहे. माझे उत्तर असे की ते काढले तर उरते ते भंगार, जे नेवार्कच्या उकिरड्यावर आधीही पडलेच होते. आत्मनाश हाच ज्या शिल्पाचा आशय, त्याच्यातून नाशाची कळ वेगळी कशी काढणार?

या खटल्यात एक अडचण आहे, आणि ती लपवणे बरोबर नाही. आपले अशील दावाच करत नाही. क्लूव्हरने स्वतःला कधी कलाकार म्हणवून घेतले नाही. मी अभियंता आहे आणि अभियंताच राहणार, हीच त्याची भूमिका होती. पण त्याने दुसरी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते तीच मोलाची आहे. त्याने लिहून ठेवले. ‘द गार्डन पार्टी’ या लेखात त्याने त्या तीन आठवड्यांची आणि २७ मिनिटांची जबानी दिली आहे. कोणता पट्टा घसरला, कोणती जोडणी चुकली, कुणी काय बांधले. फसलेल्या गोष्टीही त्याने झाकल्या नाहीत. कलासमीक्षकाला अपयशात कविता दिसते. अभियंत्याला चुकीचा बसलेला पट्टा दिसतो. हुल्तेनने १९६८ मध्ये त्याच संग्रहालयात यंत्रांवरचे मोठे प्रदर्शन भरवले, त्याच्या ग्रंथात हा लेख आला. त्याशिवाय पेनेबेकर आणि रॉबर्ट ब्रीर यांनी त्या संध्याकाळचे लघुपट केले, डेव्हिड गार याने काम चालू असतानाची छायाचित्रे घेतली. हे सारे मिळून जो दस्तऐवज होतो, त्यात निमंत्रणाच्या कागदावर नसलेली माणसे दिसतात.

आणि क्लूव्हर तिथेच थांबला नाही. १९६६ मध्ये रॉशेनबर्ग, रॉबर्ट व्हिटमन आणि फ्रेड वाल्डहॉअर यांच्यासह त्याने ‘एक्स्पेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ ही संस्था काढली. दोन कलाकार, दोन अभियंते. या संस्थेने लावलेल्या स्पर्धेत बक्षीस होते ते कलाकृतीतल्या अभियंत्याच्या कामगिरीला, आणि परीक्षकही तंत्रविज्ञानातलेच. पहिला क्रमांक आला ज्याँ द्यूपुई याच्या ‘हार्ट बीट्स डस्ट’ला, ज्यात हृदयाच्या ठोक्यांवर लाल धूळ उसळते. मान मिळाला तो रॅल्फ मार्टेल या अभियंत्याला. आठ वर्षांपूर्वी जी ओळ छापली गेली नव्हती, ती क्लूव्हरने अशा रीतीने वसूल केली, असे मला वाटते.

संस्थेची कागदपत्रे आज लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेत आहेत. तिने १९६९ मध्ये आपल्याकडे आणंदला, दूध उत्पादक गावांसाठी दूरचित्रवाणीचे शिक्षण कार्यक्रम कसे करावेत यावर काम केले होते. त्या गावच्या बायकांचे नाव कोणत्या कागदावर आले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

मायकेल लँडी या ब्रिटिश कलाकाराला तर ते जळके यंत्र पुन्हा उभारायचे होते. हा तोच लँडी, ज्याने २००१ मध्ये लंडनला आपल्या मालकीच्या सर्व ७,२२७ वस्तूंची यादी करून त्या जाहीरपणे मोडल्या. म्हणजे मोडण्याआधी पंचनामा करणारा माणूस! त्याने तुकडे शोधले, त्या संध्याकाळचे साक्षीदार गाठले, छायाचित्रांवरून यंत्राची असंख्य रेखाचित्रे काढली. २००९ मध्ये लिव्हरपूलच्या टेट संग्रहालयात लँडी आणि टिंगेली यांचे एकत्रित प्रदर्शन झाले. यंत्र काही पुन्हा उभे राहिले नाही. लँडीच्या रेखाचित्रांत मात्र चाके, पियानो, टब सगळे जागच्या जागी दिसते.

टिंगेली १९९१ मध्ये गेला, क्लूव्हर २००४ मध्ये. हॅरॉल्ड हॉजेसचे नाव मी वर दोनदा लिहिले. ते मला लिहिता आले, कारण त्याच्याबरोबर काम करणाऱ्या माणसाने आपल्या जबानीत ते लिहून ठेवले होते.