जुन्या लॅपटॉपची डिस्क फेकू नका

बॅटरी, स्क्रीन किंवा मदरबोर्ड बिघडला की लॅपटॉप निकालात निघतो. त्यातली हार्ड डिस्क मात्र अनेकदा धडधाकट असते आणि तिच्यात मुलांचे फोटो, पदवीची प्रमाणपत्रे, हिशेबाची कागदपत्रे तशीच असतात. घरी डेस्कटॉप असेल तर ही डिस्क पुन्हा कामाला लावता येते.

लॅपटॉपची डिस्क अडीच इंची, तर डेस्कटॉपची साडेतीन इंची. आकार वेगळा असला तरी 'साटा' प्रकारच्या दोन्ही डिस्कना जोडणी एकसारखीच असते. संगणक बंद करून, प्लग काढून डेटा केबल आणि पॉवर केबल लावायची. लहान डिस्क खणात घट्ट बसावी म्हणून साधी पट्टी मिळते. लॅपटॉपच्या डिस्कला फक्त 5 व्होल्ट लागतात. म्हणूनच साटा-यूएसबी केबल वापरून ती बाहेरूनही चालवता येते. साडेतीन इंची डिस्कला मात्र 12 व्होल्टही लागतात. फार जुन्या 'आयडीई' डिस्कला वेगळा कन्व्हर्टर लागतो.

डिस्क जोडल्यावर संगणक जुन्याच विंडोजवर सुरू होऊ पाहत असेल, तर बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम बदलावा. 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असा प्रश्न पडद्यावर आला, तर घाईने 'हो' म्हणू नये. डिस्क मॅक अथवा लिनक्सवर वापरलेली असेल, तरीही असे विचारले जाते. बिटलॉकर असल्यास पासवर्ड किंवा रिकव्हरी की लागते.

सर्वांत आधी आतली माहिती दुसरीकडे उतरवून घ्या. मग डिस्कची प्रकृती तपासा. प्रत्येक डिस्क 'स्मार्ट' नावाच्या व्यवस्थेत स्वतःच्या बिघाडांची नोंद ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते. 'रीअलोकेटेड सेक्टर'चा आकडा वाढत असेल, तर त्या डिस्कवर विसंबू नये. टकटक आवाज येत असेल, तर लगेच बंद करावी. उघडून पाहण्याचा मोह टाळावा. आतले हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. तिथे धुळीचा कणही डोंगराएवढा ठरतो.

तपासणीत उत्तीर्ण झालेली डिस्कसुद्धा वयस्कर आहे, हे विसरू नये. तिचा उत्तम उपयोग म्हणजे दुसरी प्रत. मूळ फोटो संगणकात आणि त्यांची प्रत जुन्या डिस्कवर. एकमेव प्रत तिच्या भरवशावर ठेवू नका. प्रत काढून झाली की केबल काढून डिस्क कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून जोडून पाहा. संगणकात व्हायरस शिरला, तरी बाजूला काढून ठेवलेल्या प्रतीला त्याचा धोका नसतो.

डिस्क टाकूनच द्यायची असेल, तर फाइल नुसत्या डिलीट करणे पुरेसे नाही. त्या परत मिळवता येतात. पूर्ण डिस्क पुसणाऱ्या प्रोग्रॅमने ती साफ करा आणि मगच अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.