पायी, चाकावर व सायकलने जावयाचे मार्ग : सूचना-हरकतींची पद्धत

महसूल खात्याचा गावनकाशा बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा असतो. त्यात तुटक अशा एकेरी रेषेने दाखविलेला मार्ग म्हणजे पायमार्ग. त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. दुहेरी तुटक रेषेचा तो गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. म्हणजे मनुष्याच्या चालण्याची नोंद सरकारी कागदावर जुनीच आहे. नगररचनेच्या नकाशात मात्र प्रथम नजरेत भरतात त्या मोटारींच्या रस्त्यांच्या रुंद पट्ट्या. शाळेत जाणारे मूल, बाजारास निघालेली वृद्ध स्त्री, चाकाच्या खुर्चीत बसणारा विद्यार्थी यांची वाट त्या नकाशावर उमटावयाची असेल, तर ती कोणीतरी वेळेवर सांगावी लागते.

पनवेल तालुक्यातील खारघर हे याचे जवळचे उदाहरण होय. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे व तत्कालीन कुलाबा (पुढे १९८१ पासून रायगड) या जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविण्याचे काम हाती घेतले. खारघर, बेलपाडा, मुर्बी, कोपरा, ओवे ही गावे नव्या वसाहतीने वेढली गेली. बांधाबांधाने जाणाऱ्या वाटांच्या जागी सेक्टर आले, प्रशस्त रस्ते आले. प्रशस्त रस्ता मोटारीस सोयीचा खरा. परंतु सात वर्षांच्या मुलास तो ओलांडावयाचा असतो. रेल्वे स्थानक शीव-पनवेल महामार्गालगत, आणि वस्ती पसरली आहे डोंगराच्या दिशेने. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो खारघरमधून धावू लागली, तरी तिच्या जिन्यापर्यंतचे अंतर ज्याचे त्यानेच तोडावयाचे आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली व खारघर तिच्या हद्दीत गेले.

आता, आपले म्हणणे मांडावयाचे कोठे? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ अन्वये प्रारूप विकास योजना तयार होताच राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर सूचना द्यावी लागते आणि लोकांकडून सूचना व हरकती मागवाव्या लागतात. कलम २८ मध्ये नियोजन समितीपुढील सुनावणीची तरतूद आहे. ही पद्धत पुष्कळदा नाममात्र उरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि ती अगदीच निष्फळ नसते, हे मुंबईत दिसून आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या प्रारूप विकास योजनेवर हजारोंच्या संख्येने सूचना व हरकती आल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शासनाने ती योजना नव्याने करण्यास सांगितले, आणि सुधारलेले प्रारूप २०१६ साली पुन्हा लोकांपुढे ठेवावे लागले. पुणे महानगरपालिकेनेही २०१७ साली स्वतंत्र सायकल आराखडा मंजूर केला. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यास सायकलीकरिता आराखडा करावा लागला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

प्रत्येक फरसबंदीसाठी किंवा गटारावरील झाकणासाठी मात्र अशी जाहीर सूचना निघत नाही. तेथे नगरात प्रभाग कार्यालयाकडे अर्ज व गावात ग्रामसभेचा ठराव, हाच मार्ग राहतो.

सूचना परिणामकारक होते ती मापांमुळे. ‘रस्ता धोक्याचा आहे’ एवढेच लिहिल्यास अधिकारी ते वाचून बाजूस ठेवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत पदपथाची अडथळारहित रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे, व पदपथाची कड १५ सेंटिमीटरहून उंच असू नये असे म्हटले आहे. उताराचे प्रमाण एकास बारा धरले, तर १५ सेंटिमीटर चढण्यास १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. वरच्या वर्गास हे त्रैराशिक फळ्यावर घालून देता येईल आणि मग शाळेजवळचा एखादा उतार फितीने मोजविता येईल. तसेच, सेकंदास १.२ मीटर या चालीने २४ मीटरचा रस्ता ओलांडण्यास २० सेकंद लागतात. पहिलीतल्या मुलास किती लागतात? शिक्षकाने मोकळ्या मैदानात २४ मीटर आखून ते घड्याळ लावून पाहावे. वाहत्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये. मिळालेले आकडे, दिवस व वेळ यांसह, अर्जास जोडावेत.

शिक्षणाच्या कायद्याशी या गोष्टीचा संबंध थेट आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाखाली महाराष्ट्राने २०११ साली केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरले. एक किलोमीटर हे अंतर कागदावर थोडेच आहे. त्यात एखादा महामार्ग, किंवा श्रावणात गुडघाभर पाण्याखाली जाणारा चर आला, की तेच मूल घरी बसते. हजेरीपटावर केवळ गैरहजेरी दिसते, कारण दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात गैरहजर राहिलेल्या मुलांची वाट कोणती, याची टाचणे ठेवणारा शिक्षक सुनावणीत फार मोलाचा साक्षीदार ठरतो.

अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या नावे जावा, हे उत्तम. तीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. ज्या घरी चाकाची खुर्ची किंवा तीनचाकी सायकल वापरली जाते, त्या घरच्या माणसासच वाटेतील अडथळे विचारावेत; धडधाकट माणसाच्या ध्यानात चार अंगुळांचा उंबरा येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम अशा अर्जास आधार देतो. पदपथ हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली सांगितले आहे, त्याचाही उल्लेख करावा.

अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात. जाहीर सूचनेचा दिनांक व योजनेतील रस्त्याची खूण आरंभीच लिहावी, सोबत हाताने काढलेला नकाशा जोडावा, त्यात शाळा, विहीर, बसथांबा व मुलांची वाट स्पष्ट दाखवावी. दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व दिनांकासह पोच घ्यावी. सुनावणीस एकट्या शिक्षकाने न जाता दोन पालकांस बरोबर न्यावे, व त्यांपैकी एक तरी रोज त्या वाटेने मुलास पोहोचविणारी माता असावी.