जाळ्यातील प्रवाहाचे अखेर काय होते?

नळांच्या एका बंद जाळ्यात पाणी अखंड फिरत आहे, अशी कल्पना करावी. बाहेरून पाणी येत नाही, बाहेर जातही नाही. एका सांध्यापाशी क्षणभर लाल रंग सोडला. पाच मिनिटांनी तो कोठे असेल, हे हिशेबाने सांगता येते. परंतु पाच हजार तासांनी काय? रंग सर्वत्र सारखा पसरला असेल, की त्याचे पट्टे अजूनही फिरतच असतील? पहिले उत्तर बहुतेकांना स्वाभाविक वाटते, पण ते नेहमीच खरे नसते.

येथे पाण्याचा वेग कायम असून रंग केवळ सांध्यावरच मिसळतो, असे मानले आहे. प्रत्यक्षात तो नळातही थोडाफार पसरतो; तो विचार तूर्त बाजूस ठेवू.

समजा, सांध्यापासून दोन वळसे निघून पुन्हा तेथेच मिळतात. एकाची फेरी ४ मिनिटांची, दुसऱ्याची ६ मिनिटांची. सांध्यावर पाणी एकत्र होऊन दोहोंत निम्मे निम्मे वाटले जाते. आरंभीचे रंगाचे प्रमाण १ मानल्यास सांध्यावर चौथ्या मिनिटास १/२, सहाव्यास १/२, आठव्यास १/४, दहाव्यास पुन्हा १/२, बाराव्यास व चौदाव्यास ३/८, सोळाव्यास ७/१६ असे प्रमाण मिळते. वाचकांनी हे कागदावर करून पाहावे. प्रत्येक आकडा म्हणजे ४ व ६ मिनिटांपूर्वीच्या आकड्यांची सरासरी होय. आकडे हेलकावे खात २/५ कडे सरकतात. आणि विषम मिनिटास? तेव्हा शून्य, कितीही काळ लोटला तरी शून्यच! दर दोन मिनिटांनी लाल पट्टा येतो, मध्ये पाणी स्वच्छ असते. हा २ म्हणजे शाळेत शिकलेला मसावि, ४ आणि ६ यांचा.

सहाऐवजी पाच मिनिटांचा वळसा घेतला तर मसावि १ होतो. पट्टे दर मिनिटास येतात, प्रमाण २/९ कडे जाते. तरीही दोन पट्ट्यांमधील पाणी स्वच्छच राहते. आता एक फेरी चौरसाच्या बाजूइतकी आणि दुसरी त्याच्या कर्णाइतकी लांब आहे असे माना. या दोन लांबींना सामाईक माप नाही, कारण त्यांचे गुणोत्तर अपरिमेय आहे. पट्टे एकमेकांच्या अधिकाधिक जवळ दाटत जातात आणि, फार सावकाश का होईना, रंग सर्वत्र सारखा होतो. रंग कोठे व केव्हा सोडला, याची खूणही उरत नाही.

कोणत्याही बिंदूपासून प्रवाहाच्या दिशेने इतर सर्व बिंदूंपर्यंत पोहोचता येत असेल, तर कितीही गुंतागुंतीच्या जाळ्यास हाच नियम लागू पडतो. मार्येता क्रामार आणि एस्तेर शिकोया या गणितज्ञांनी २००५ मध्ये तो सिद्ध केला. सर्व वळशांच्या फेरीकालांना सामाईक माप असेल तर प्रवाह अखेर आवर्ती होतो आणि त्याचे आवर्तन त्या कालांच्या मसाविइतके असते. नसेल तर तो समतोलाकडे जातो. सांध्यावर पाण्याची वाटणी कोणत्या प्रमाणात होते, याने आवर्तन बदलत नाही, हे मला या सिद्धांतातील सर्वांत नवलाचे वाटते. त्याची मुळे जुनी आहेत. पेरॉन (१९०७) आणि फ्रोबेनियस (१९१२) यांनी ऋण संख्या नसलेल्या सारण्यांचा जो अभ्यास केला, त्यात हाच मसावि आढळतो.

जेथे प्रवास अखंड नसून पावलापावलाने होतो, तेथे मधले क्षण नसतात. म्हणून मसावि १ असला की समतोल साधतो. इंटरनेटवरील पानांचे महत्त्व ठरविण्याची ब्रिन व पेज यांची १९९८ मधील रीत अशीच आहे. एका पानावरून दुसऱ्यावर दुव्यांनी भटकणारा वाचक दीर्घकाळात कोठे किती वेळा असेल, हे ती मोजते. पण पाने एकमेकांकडेच बोट दाखवीत राहिली तर हा वाचक वळशात अडकेल. म्हणून त्यांनी ०.८५ हा गुणांक योजला: शंभरांतून सुमारे पंधरा वेळा वाचक दुवा सोडून कोणत्याही पानावर उडी घेतो. क्वचित ती उडी त्याच पानावर पडते, एका पावलाचा वळसा तयार होतो, आणि मसावि १ होतो.