एक दस्ता, अनेक नळ्या आणि डहाणूचं रान

भात दाण्यावर आलं की डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्ट्यात रानडुकरं शेतात उतरतात. कळप एका रात्रीत खाचर लोळवून जातो, म्हणून माळ्यावर बसून राखण करावी लागते. राखणीच्या सोबतीला आता मोबाइल असतो आणि मोबाइलवर परदेशी शिकारीचे व्हिडिओ दिसतात. त्यांत हटकून भेटते ती नळी बदलता येणारी रायफल. दस्ता तोच, चाप तोच. सकाळी हरणासाठी एक नळी, संध्याकाळी डुकरासाठी दुसरी. यंत्रणा खरोखरच बुद्धिमान आहे. ती कशी चालते, ती निवडणारे लोक काय बघून निवडतात आणि डहाणूच्या रानात तिचं काय काम, हे तिन्ही प्रश्न एकदा नीट पाहायला हवेत.

साध्या रायफलीची नळी कारखान्यातच आटे देऊन घट्ट बसवलेली असते. ती काढायची तर कारागीर आणि त्याची अवजारं लागतात. जर्मनीच्या ब्लाझर कंपनीने १९९३ साली आर-९३ आणि २००८ साली आर-८ या रायफली आणल्या, त्यांची मांडणी वेगळी आहे. दस्त्याच्या पोटात दोन नट असतात. रायफल रिकामी आहे याची खात्री करायची, बोल्ट मागे ओढून बाहेर काढायचा, किल्लीने ते दोन नट सैल करायचे आणि नळी वर उचलून घ्यायची. दुसरी नळी त्याच खोबणीत बसवून नट आवळले की काम झालं. सवयीच्या हाताला काही मिनिटं पुरतात. दुर्बीण इतर रायफलींत मधल्या लोखंडी सांगाड्यावर असते, इथे ती थेट नळीवर बसते. त्यामुळे नळी निघाली की तिची दुर्बीणही तिच्यासोबत निघते आणि परत बसवल्यावर नेम जवळजवळ जिथल्या तिथे येतो. या रायफलीचं खरं कौशल्य या ‘नेम परत येण्यात’ आहे. नळी काय, कशीही बदलता येईल; बदलल्यावर गोळी ठरल्या जागी लागली पाहिजे.

ही कल्पना जर्मनांच्याही आधीची आहे. अमेरिकेत १९६७ साली थॉम्सन-सेंटर कंपनीने ‘कंटेंडर’ नावाचं एकबारी पिस्तूल काढलं. त्याची बिजागरीची एक खीळ काढली की नळी सुटी होत असे. त्याहून मागे, हिंदुस्थानातल्या फौजेत नोकरी केलेल्या जॉर्ज फॉसबेरी या अधिकाऱ्याने १८८५ साली ‘पॅराडॉक्स’ बंदुकीचं पेटंट घेतलं. तिची नळी आतून गुळगुळीत आणि फक्त तोंडापाशी आटे पाडलेली. पाखरांसाठी छर्रे भरा किंवा वाघा-अस्वलासाठी जड गोळी, नळी एकच. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती बनवली आणि हिंदुस्थानातल्या साहेबांमध्ये ती चांगलीच चालली. शिकाऱ्याला रानात काय समोर येईल ते आधी कळत नाही आणि खांद्यावर दोन बंदुका वागवणं जिवावर येतं. त्या अडचणीतून या साऱ्या युक्त्या निघाल्या.

युरोपातला शिकारी अशी रायफल घेताना आधी सावजांची यादी करतो. रो नावाचं छोटं हरीण वीसेक किलोचं, रानडुक्कर शंभर किलोच्या वर जाणारं. हरणाला .२४३चं काडतूस पुरतं, डुकराला ९.३ बाय ६२सारखं जड लागतं. मग तो काडतुसांची बुडं बघतो. .२४३, .३०८, .३०-०६ आणि ९.३ बाय ६२ या चारही काडतुसांचं बूड सुमारे १२ मिलिमीटरचं. म्हणून त्यांना बोल्टचं डोकं एकच चालतं. मॅग्नम काडतुसाचं बूड मोठं असतं, त्याला बोल्टचं डोकंही बदलावं लागतं. इथे चूक झाली, एका काडतुसाच्या नळीत दुसरंच काडतूस गेलं, तर रायफल हातात फुटू शकते. त्यामुळे नळी आणि काडतूस यांच्यावरचा ठसा जुळवून पाहणं हा पहिला नियम. दुसरा नियम तितकाच कडक आहे: नळी बदलल्यावर रानात जाण्यापूर्वी कागदावर नेम तपासायचा. खर्चही हिशेबात धरावा लागतो. रायफल लाखांत जाते, वर प्रत्येक नळी आणि तिची दुर्बीण वेगळी. ज्याला वर्षात एकाच जातीचं सावज मारायचं आहे त्याने या फंदात पडू नये, एक साधी रायफल आणि भरपूर सराव त्याच्या जास्त कामाचा. जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर भेट मिळालेली .२७५ रिग्बी साधी, हलकी, एका नळीचीच होती आणि पुढे कित्येक वर्षं ती त्याच्या हातात राहिली.

सावजाप्रमाणे टोक बदलण्याची रीत आदिवासींना नवी नाही. सातपुड्यातल्या भिल्लांकडे पाखरांसाठी बोथट तोंडाचा तीर वेगळा आणि मोठ्या जनावरासाठी लोखंडी पात्याचा वेगळा, कामठा तोच. वारली चित्रांतही तीरकामठा घेतलेला शिकारी जागोजाग भेटतो. ही चित्रं जगभर नेणारे जिव्या सोमा मशे तलासरी तालुक्यातल्या धामणगावचे, पुढे डहाणूजवळच्या गंजाडला राहिलेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतलं रान माणसं, झाडं आणि जनावरं यांनी गच्च भरलेलं असतं आणि शिकार हा त्या जगण्याचा एक भाग म्हणून येते.

आता तो भाग कायद्याने बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. सुरुवातीला काही जनावरांची शिकार परवान्यावर करता येत असे. १९९१च्या दुरुस्तीने ती वाट बुजली. २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे जमिनीचे, गौण वनोपजाचे आणि इतर पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा आणि जनावरं फासात पकडण्याचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. रानडुक्कर आज दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याची बेकायदा शिकार केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शेताचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायचं तर कलम ११खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. तो नसेल तर स्वतःच्या शेतातलं डुक्कर मारणंही गुन्हाच.

शस्त्राचा कायदा वेगळा आणि तोही कडक. १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भाग येतात, म्हणजे जादा नळी ही बाजारातून सहज उचलून आणायची वस्तू नव्हे. २०१९च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य माणसाला वर्ज्य, म्हणून तर इंग्रजांच्या काळापासून इथे .३१५ची वेगळी रायफल रुजली आणि इशापूरच्या सरकारी कारखान्याने ती पुढे बनवत ठेवली. नळ्या बदलणारी परदेशी रायफल आणायची तर आयातीचं दार साध्या परवानाधारकाला जवळपास बंद आहे. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना.

शेतकऱ्यासाठी मात्र या कायद्याने कोणती बंदूक योग्य हेही सांगून ठेवलं आहे. कलम १३मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव येतं आणि ती पुरेशी नसल्याची खात्री पटली तर परवाना देणारा अधिकारी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करू शकतो. डहाणू-तलासरीसाठी हा अर्ज पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. मागे निपलवर टोपी बसवली की बार तयार. एकदा उडाला की सगळं पहिल्यापासून. बारा बोअरच्या बंदुकीत हे काम काडतूस करतं. एका पौंडात बारा बसतील अशा शिशाच्या गोळीच्या मापाची ती नळी, आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. तिला बदलायच्या नळ्या लागत नाहीत. पाखरांसाठी बारीक छर्रे, डुकरासाठी एलजी-एसजी मापाचे टपोरे. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसं अशाच अक्षरांनी आणि क्रमांकांनी ओळखली जातात. परदेशी शिकारी नळी बदलून जे साधतो त्यातलं बरंचसं इथला परवानाधारक काडतूस बदलून साधतो.

कायद्याने गुळगुळीत नळी निवडली, ते या मुलखासाठी शहाणपणाचं आहे. साध्या .२२ रायफलीच्या काडतुसांच्या खोक्यावरही गोळी मैल-दीड मैल जाते असा इशारा छापलेला असतो. शिकारीच्या रायफलीची गोळी त्याहून कितीतरी लांब जाते. डहाणू-तलासरीची वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. शेत संपलं की झाप, झापापलीकडे वाट, वाटेवर पहाटे मोळीला निघालेली बाई. अशा ठिकाणी चुकलेली रायफलची गोळी कुठे जाऊन थांबेल याचा अंदाज कोणालाच देता येणार नाही. छर्रे काही शे मीटरांत जमिनीवर येतात.

आणि ओळख चुकली तर अंतराचाही उपयोग नाही. २०२५च्या जानेवारीअखेर, डहाणूच्या शेजारच्या पालघर तालुक्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही जण डुकराच्या शिकारीला गेले. त्यांतल्या एकाने हालचाल पाहून डुक्कर समजून बार काढला आणि तो सोबत आलेल्या माणसालाच लागला. माणूस गेला. घाबरलेल्या सोबत्यांनी मृतदेह झाडीत लपवला आणि काही दिवसांनी पोलिसांपर्यंत प्रकरण पोचलं. या प्रसंगात दोष नळीचा नव्हता, काडतुसाचाही नव्हता. ओळख न पटवता हालचालीवर गोळी झाडली गेली. लाखांची रायफल हातात असती तरी परिणाम हाच झाला असता, कदाचित आणखी दूरवर.

बंदुकीचं वेड असलेल्या तरुणांना एक सरळ वाट मोकळी आहे. शस्त्र कायद्याचं तेच कलम १३ मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीसाठी .२२ रायफल आणि एअर रायफलीचा परवाना देतं. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडी या छोट्या गावचा. या खेळातले नेमबाज आपल्या नळीला कोणत्या लॉटची काडतुसं मानवतात हे तासन्‌तास गोळ्या झाडून पारखतात. नळी निवडण्याची खरी विद्या पाहायची असेल तर ती तिथे आहे.

राहिला डुकरांचा प्रश्न. विजेच्या तारा टाकणं आणि गावठी बॉम्ब पेरणं हे दोन्ही मार्ग डुकराइतकेच माणसांचे आणि गुरांचे जीव घेतात, ते कोणीही धरू नयेत. शेत लोळवलेलं दिसलं की उभं पीक तसंच ठेवून फोटो काढावेत, सातबारा हाताशी ठेवावा आणि त्याच दिवशी वनरक्षकाला बोलावून पंचनामा करून घ्यावा. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते. कळप वारंवार येत असेल तर शेजारच्या शेतकऱ्यांसह वनक्षेत्रपालांकडे कलम ११चा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.